कुणीच न लावलेली झाडं

राखीव जंगलाच्या फाटकाशी एक पाटी आहे. 'मानवी हस्तक्षेपाविना वाढलेले प्राचीन नैसर्गिक वन.' ती वाचली की मामाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि वाचायची तर रोजच. शहराच्या कडेच्या या जंगलात लोकांना पायवाटांवरून हिंडवायचं, पक्षी दाखवायचे, जागेचा इतिहास सांगायचा, हीच त्याची नोकरी. पंचवीस वर्षं झाली, येणारे-जाणारे सगळे त्याला मामाच म्हणत.

"हस्तक्षेपाविना म्हणे! मग झाडं काय भुतांनी लावली?" तो कॅन्टीनमध्ये करवादायचा. ऐकणारे हसून सोडून द्यायचे.

खरं काय ते ऐका. पन्नास वर्षांपूर्वी ही जंगलाची टेकडी म्हणजे खडी काढून वाऱ्यावर सोडलेला उघडाबोडका माळ होता. चाळीस बायांनी चार वर्षं तिथं खड्डे खणले, डोक्यावरून पाणी वाहिलं, एकेक रोप लेकरासारखं जगवलं. त्यातली एक मामाची आई. आजही पहिल्या वळणावर उभं राहिलं तर झाडं आठ-आठ फुटांवर सरळ ओळीत दिसतात. जंगल काय आपणहून कवायतीला उभं राहतं? पण पाटी लिहिणाऱ्याला एवढं बघायला सवड कुठली!

मामानं सहा अर्ज दिले. सहाही अर्जांना केराची टोपली. इकडे आईची अठ्ठ्याहत्तरी उलटली. "माझं नाव नको रे," ती म्हणायची, "चाळीस बायांनी लावलं, एवढं लिहिलेलं मला वाचू दे म्हणजे झालं." आणि या आठवड्यात पाटी नव्यानं रंगवायला निघाली होती. आता नाही तर कधीच नाही.

सातवा अर्ज घेऊन तो वनखात्याच्या नव्या अधिकारी मॅडमकडे गेला, भांडायच्या तयारीनंच. पण मॅडम उठल्या, पायात बूट चढवले आणि त्याच्याबरोबर वळणापर्यंत चालत गेल्या. ओळी पाहिल्या. "तुमचं शंभर टक्के खरं आहे, मामा." मामाला वाटलं, सुटलो बुवा एकदाचा!

केबिनमध्ये परतल्यावर त्यांनी दार लोटलं आणि टेबलावर नकाशा पसरला. टेकडीच्या मधोमध लाल रेघ होती. नवा रस्ता.

"नैसर्गिक जंगल तोडता येत नाही, म्हणून रस्ता अडलाय," मॅडम म्हणाल्या. "झाडं लावलेली आहेत असं ठरलं, तर तोडायची परवानगी लगेच मिळेल. आपणच पाटीवर तसं लिहिलं तर रस्तेवाल्यांना आयताच पुरावा. तरी तुम्ही म्हणत असाल तर लिहिते. बोला."

बोला म्हणे! ज्याच्यासाठी इतकी वर्षं चपला झिजवल्या ते समोर आलं, आणि ते असं! मामानं अर्ज उचलला, चुरगळून खिशात कोंबला आणि दार आपटून बाहेर पडला. चीड काढायची तरी कुणावर, तेही कळेना.

घरी त्यानं आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण गप्प बसायचं. कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. पण मला एकदा तिथं घेऊन चल."

रविवारी मामाची वीस जणांची फेरी होती. आई घोळक्याच्या मागून हळूहळू चालत राहिली. वळण ओलांडल्यावर मात्र ती वाट सोडून आत शिरली आणि एका बुंध्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

गळ्यात दुर्बीण अडकवलेली एक बाई कडाडली, "ओ आजी! बाहेर या आधी! पाटी वाचली नाही का? माणसानं न शिवलेलं जंगल आहे हे. तुमच्यासारख्यांमुळेच सगळ्याची वाट लागते!" मग ती मामाकडे वळली. "अहो, तुम्ही काय बघत उभे राहिलात? सांगा की त्यांना!"

वीसच्या वीस जण त्याच्याकडे बघायला लागले.

"आजी," तो आपल्या आईला म्हणाला, "झाडाला हात लावू नका. वाटेवर या."

आईनं हात काढून घेतले. "चुकलं हो," ती त्या बाईला म्हणाली आणि वाटेवर आली.