कढी आणि तिसरा उतारा

बेसा या वस्तीतल्या आमच्या मेसवाल्या काकू नसत्या, तर मी आजही हिंगण्याच्या कंपनीत खोकीच उचलत असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिगतीत माझं कौतुक करण्यासारखं फारसं काही नाही.

मी कोल्हापूरकडचा. नववीत शाळा सोडली आणि पोटासाठी इतक्या लांब आलो. आमच्या कंपनीत हेल्परला मशीन ऑपरेटर व्हायचं असेल तर इंग्रजी वाचनाची परीक्षा द्यावी लागते, कारण मशीनची पुस्तकं इंग्रजीत. तीन उतारे, त्यांखाली प्रश्न, वेळ एक तास. संधी दोनदाच.

पहिल्या वेळी पहिला उतारा मधमाश्यांचा आला. मी तो असा वाचला, जणू मला पोळ्यातच नोकरी धरायची होती. शब्द अडला की तो उमगेपर्यंत पुढे जायचं नाही, ही माझी शिस्त. एका प्रश्नापाशी तर घाम पुसत मुक्कामच ठोकला. पेपर ओढून घेतला तेव्हा दुसरा उतारा अर्धा होता, आणि तिसरा कशावर होता ते मला आजही माहीत नाही. मधमाश्यांबद्दल मात्र काहीही विचारा.

हे सगळं काकूंना सांगितलं. त्यांनी ताटात एक पोळी जास्त टाकली.

पुढे त्यांच्या घरी महालक्ष्म्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या गौरींचं, जेवण होतं. पंगतीत कढी वाढायचं काम माझ्याकडे आलं. आमच्याकडे आग्रह केल्याशिवाय वाढलं असं कोणी मानतच नाही. मी पहिल्याच पाहुण्यापुढे वाकून "घ्या हो, अजून थोडी" करत राहिलो. ते दोन्ही हातांनी पान झाकत होते, मी बोटांमधली फट शोधत होतो.

मागून काकू म्हणाल्या, "बाबू, तिकडचे लोकं कोरडा भात चिवडून राह्यले गा. तू इथंच काहून रुतला?"

"आग्रह करतोय, काकू."

"आधी साऱ्याइले एकेक पळी वाढून ये, मंग फिर दुसऱ्यांदा. त्या पेपरातबी असाच बसला असशीन, एकाच पानापाशी."

पंगत हसली. मीही हसलो, आणि कढी सांडली.

दुसऱ्या परीक्षेत पहिल्याच उताऱ्यात एक प्रश्न अडला. पाय तिथंच रुतायला लागले. मनातल्या मनात त्या प्रश्नाला म्हटलं, साहेब, कढी घेऊन परत येतो, आणि पुढे सरकलो. तिसऱ्या उताऱ्यातले प्रश्न तर पहिल्यापेक्षा सोपे निघाले. मागच्या वेळीही असेच कोणी बिचारे माझी वाट बघत कोरडे बसले असतील. अडलेल्या साहेबांकडे शेवटी परत गेलो, पण ते काही मला सुटले नाहीत. काठावर पास झालो.

आता मशीनसमोर उभा असतो, अजूनही मनात धाकधूक घेऊन. एक दिवस काकूंना आमच्या गावी नेणार आहे. पहिल्या पानावर बसवून स्वतः वाढणार. त्या पान झाकतील, रागावतील, पंगतीच्या टोकाची माणसं माझ्या नावाने बोंबलतील. त्या दिवशी मात्र मी पुढे सरकणार नाही.