जाधवाचा वाटा

पनवेलची पोस्टिंग मिळाली तेव्हा पोरांनी मला चिडवून हैराण केलं. "हवालदारसाहेब, ड्युटीला निघालात की माहेरपणाला?" कामोठं माझं गाव, कॅम्पपासून चालत जाण्याजोगं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही सॅपर्स, म्हणजे लष्कराचे बांधकामवाले, खाडीवरचा पूल दुरुस्त करत होतो. माझा नाईक बापू जाधव माणदेशातला. त्याला पोहता येत नसे, आणि पाण्याची भीती तो लपवतही नसे. "आमच्याकडं पाणी हिरीत गप पडून असतंय," म्हणायचा, "हितलं अंगावर येतंय."

त्या दिवशी अमावास्या, उधाणाची भरती. सकाळी कामावर असताना एक प्रवासी डकोटा विमान डोक्यावरून इतकं खाली गेलं, की आम्ही वाकलो. त्याचा एक पंखा बंद होता. समोर गावची मिठागरं पांढरी, सपाट. पायलटला ते मैदान वाटलं असणार. शेपटीनं खाडीचा बांध फोडून विमान पोटावर घसरत गेलं आणि नाक चिखलात रुतवून थांबलं.

ट्रक घेऊन पोचलो तोवर प्रवासी बाहेर पडत होते. सगळे जिवंत. एक बाई हरवलेली चप्पल शोधत होती. आत फक्त पायलट राहिला होता. चेपलेल्या पत्र्यात त्याचा पाय अडकला होता. पेट्रोल गळत होतं, म्हणून गॅसकटर बंद. हातकरवतीनंच कापायचं होतं.

तेवढ्यात गावाकडून हाक आली, "खांड गेली रंऽऽ!" आमच्याकडे बांध फुटला की घरटी एक माणूस धावतोच, लग्नातला नवरदेवसुद्धा. फावडी-घमेली घेऊन माणसं आली आणि विमानाकडे न बघता थेट बांधावर गेली.

लेफ्टनंट माथुरसाहेब भडकले. "हवालदार, इथे माणूस मरतोय आणि यांना मिठाची पडलीय? सगळ्यांना इकडे आणा!"

"साहेब, मिठागर भरतीच्या पातळीच्या खाली आहे. खांडीतून पाणी आलं तर पायलट बसल्या जागी बुडेल."

साहेबांनी खाडीकडे पाहिलं. "दोघं करवतीवर. बाकीचे बांधावर. डबल!"

माती खणायला वेळ नव्हता. बांधावर माझे आबा उभे होते. शेजारी आमच्या मिठाच्या राशी, सगळा हंगाम. मी राशींकडे पाहिलं, मग आबांकडे.

आबांनीच विचारलं, "आत मानूस हाय?"

"हाय."

"मंग बगतास काय? गोनी भरा."

"आबा, मीठ विरघलल!"

"इरघलूदे. तासभर तरी टिकल."

गोणी टाकायच्या तर पाण्याचा जोर अडवायला हवा. त्यासाठी माणसं खांडीत उतरतात, हातात हात गुंफून, पाठ खाडीकडे. साखळीत शेवटी एक जागा उरली. जाधव बूट काढायला लागला.

"तू नको," मी ओरडलो. "तुला पोहता येत नाही!"

"उभं ऱ्हायला पवावं लागतंय व्हय?" म्हणाला आणि उतरला.

पाणी कमरेला आलं, मग छातीला. त्यांच्या पुढ्यात गोणीवर गोणी पडत होती. करवतीवरचे दोघं ओरडले, "निघाला! पाय निघाला!" पायलटला स्ट्रेचरवर घेतलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. माणसं एकेक करून वर यायला लागली. शेवटच्या टोकाला बांधाची कड ढासळली आणि जाधवला घेऊन गेली. मी उडी मारली. हाताला त्याची बाही लागली होती. अजून लागते.

ओहोटीला तो सापडला. आकाशातून पडलेले सगळे वाचले आणि जमिनीवरचा माझा माणूस गेला. त्या रात्री मी देवाला यथेच्छ शिव्या घातल्या. माफी मागितलेली नाही.

आमच्या बांधाचे घरटी वाटे असतात. पावसाआधी ज्यानं त्यानं आपापला वाटा माती घालून भरायचा, हा गावाचा कायदा. त्या वर्षी वाटे ठरवताना आबा खांडीच्या जागी उभे राहिले आणि म्हणाले, "हा जाधवाचा." कुणी हरकत घेतली नाही. एका वर्षी पायलट लंगडत आला आणि त्या जागी दोन घमेली माती टाकून, कुणाशी न बोलता गेला.

जाधवचं गावात घर नाही, पण वाटा आहे. दरवर्षी मी आधी तो भरतो. मग माझा.