ब्रेकमधल्या दिवसांची नोंद

काशीनाथ पोखर्णीचा. परभणीतल्या एका सरकारी बियाणे केंद्रात तो नऊ वर्षं रोजंदारीवर होता. आधी पोती मोजायचा, मग टाइपिंग शिकला. केंद्रात संगणक आला तेव्हा त्याची जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्याने शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली आणि त्या यंत्रावर बसू लागला. हजेरीपटावर मात्र तो रोजंदारच राहिला. दर सहा महिन्यांनी सगळ्या रोजंदारांना पंधरा दिवसांचा ब्रेक देत, म्हणजे पटावरून नावं काढत. नोकरी सलग होती असं पुढे कुणाला म्हणता येऊ नये, एवढ्यासाठी.

१९९३च्या जूनअखेर केंद्राचे प्रमुख गोविंदराव यांनी त्याला बोलावलं. नव्या वाणांच्या चाचण्यांचे आकडे कुणीतरी बाहेर फोडले होते. साहेबांना पक्का बंदोबस्त हवा होता. कुठल्या प्रोग्रामला कुठली फाइल उघडता येईल हे यंत्रानेच ठरवावं आणि त्यात खुद्द साहेबांनाही सूट नसावी. नियम बदलायचा झाला तर दोन परवलीचे शब्द लागावेत, एक काशीनाथचा, एक साहेबांचा.

"एक तारखेपासून तुझा ब्रेक आहेच," साहेब म्हणाले. "घरी माशा मारण्यापेक्षा हे उरकून टाक. हजेरीपटावर सही तेवढी करू नकोस."

रोजंदारांना कायम करायची यादी लवकरच निघणार अशी कुणकुण होती. काशीनाथने होकार दिला.

एक ते पंधरा जुलै तो रोज नऊ वाजता येऊन बिनपगारी बसला. त्याची पद्धत साधी होती. पंधरा दिवस यंत्राने कुणाला अडवायचं नाही, कोण, किती वाजता, कोणत्या प्रोग्रामने कोणती फाइल उघडतो ते नुसतं लिहून ठेवायचं. त्या नोंदीत जे आलं त्याला परवानगी, बाकी सगळ्याला मनाई. सोळा तारखेला बंदोबस्त लागू झाला. साहेबांनी पाहुणे बोलावून यंत्र दाखवलं.

बावीस तारखेला वरून हुकूम आला. कायम करायच्या रोजंदारांची यादी उद्या संध्याकाळपर्यंत हवी, संगणकावरचीच, हाताने लिहिलेली चालणार नाही. तेवीसला काशीनाथने यादीचा प्रोग्राम चालवला. मथळा छापला गेला, खाली कोरा कागद.

चूक त्याला लगेच कळली. रोजंदारांची फाइल उघडे ती पंधरवड्याच्या पगाराला. ब्रेकच्या दिवसांत पटावर कुणीच नसल्याने ती उघडलीच गेली नव्हती. नोंद नाही म्हणून परवानगी नाही. इतर कुणी हे विसरलं असतं तर नवल नव्हतं, पण तो स्वतः रोजंदार होता. रोज कामावर येता येता आपण ब्रेकवर आहोत हेच तो विसरला होता.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. तो साहेबांकडे त्यांचा परवलीचा शब्द मागायला गेला.

"नियम मीच मोडायचा, तर केला कशाला?" साहेब हसले. "आणि घाई कसली? कायम झाली की ही माणसं उन्हात उभी राहत नाहीत. जे छापलंय ते पाठव."

तो तिथेच उभा राहिला. साहेबांनी पेपर उघडला.

बाहेर अकरा रोजंदार थांबले होते. चौदा वर्षं बियाणं निवडणाऱ्या दगडाबाईने त्याच्या हातातला कोरा कागद पाहिला.

"मशीनीवर बसलास अन् आमालाच कडी लावलीस व्हय रे," ती म्हणाली. "लय शिकलास बाबा."

काशीनाथने कागद पाकिटात घातला आणि वर पाठवला.

सोमवारी वरून फोन आला की यादी कोरी का. साहेबांना दोषी म्हणून कुणीतरी दाखवायला हवं होतं. त्यांनी यंत्रातली जुलैची नोंद छापून घेतली आणि काशीनाथपुढे सरकवली.

"एक ते पंधरा तू ब्रेकवर. यंत्र म्हणतं, रोज नऊला तू आत. कुणी सोडलं तुला?"

"साहेब, तुम्हीच सांगितलं होतं."

"कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं कुठेच नव्हतं. पटावर नाव नसताना सरकारी यंत्रात शिरल्याबद्दल आणि त्यात फेरफार केल्याबद्दल त्याला उद्यापासून कामावर घेऊ नये, असं पत्र करायचं ठरलं. मराठी टाइपिंग येणारं केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. साहेब सांगत गेले, काशीनाथ बडवत गेला. साहेबांनी मध्येच जुलैऐवजी जून म्हटलं. काशीनाथने थांबून विचारलं, खात्री करून घेतली आणि जुलै टाइप केलं.