ओट्यावरची तोंडी परीक्षा

आमच्या सुनेचा आवाज आता कसा आहे म्हणाल, तर ती ओट्यावर उभी राहून फोनवर एखाद्या बाळंतिणीच्या सासूला समजावायला लागली, की समोरच्या द्राक्षबागेत फवारणी करणारा माणूस ब्लोअर बंद करून ऐकतो. उपकेंद्रात नर्स आहे ती. मला या आवाजाचं फार कौतुक, कारण एक वर्ष असं गेलं की तो निघतच नव्हता. आणि का निघत नाही, हे घरात कुणाला कळत नव्हतं. मलासुद्धा नाही, आणि मी तर स्वतःला फार हुशार समजते.

तिला बघायला गेलो, तेव्हा चहाचा ट्रे खाली ठेवता ठेवताच तिनं सांगितलं होतं, "मला नर्सिंगचा कोर्स करायचाय." तिची आई लाजली. मी म्हटलं, कर. मी काही शाळेत गेलेली नाही. औषधाच्या खोक्यांवरचं आणि वाण्याच्या पुड्यांच्या कागदावरचं वाचत वाचत अक्षर शिकले, म्हणून शिकायचंय म्हणणारी पोरगी दिसली की मला भरून येतं. लग्न झालं, नाशिकच्या कॉलेजात तिचं नाव घातलं, ती होस्टेलवर राहायला गेली. पहिलं वर्ष छान चाललं होतं. सुट्टीत आली की माझं बीपी बघायची आणि तोंड वाकडं करायची.

मग कोरोना आला. होस्टेल रिकामं केलं, पोरगी ट्रंक घेऊन घरी. इकडे बागेत माल तयार आणि व्यापारी कुणी फिरकेना. ती द्राक्षं आम्ही शेडमध्ये बेदाण्याला पसरली. त्या शेडमधूनच माझ्या पोरानं एक दिवस आरोळी दिली, "आई, हिचं कॉलेज मोबाईलवर आलं!"

आलं खरं, पण बसायचं कुठं? आमचं घर निफाडच्या रस्त्यापासून आत, बागांच्या मधोमध. स्वयंपाकघरात रेंज नाही, माडीवर नाही. गच्चीवर होती, तर उन्हानं मोबाईल तापून आपोआप बंद पडायचा. शेडमध्ये मॅडमचं तोंड हलायचं आणि आवाज मागून यायचा. शेवटी रेंज सापडली ती ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात, तुळशीच्या कुंडीपाशी. तिथं मात्र मॅडम अगदी समोर बसल्यासारख्या.

त्याच कोपऱ्याला लागून आबांची खुर्ची. आबा म्हणजे आमचे मालक. घरदार आणि गाव त्यांना आबाच म्हणतं. सकाळचा चहा झाला की ते त्या खुर्चीत बसणार, पेपर वाचणार, रस्त्यानं जाणाऱ्याची विचारपूस करणार. आजवर कुणी त्यांना तिथून उठवलेलं नाही.

तर हे असे दोघे. एकीकडं पेपर, दुसरीकडं डोक्यावर पदर घेऊन कॉलेज. मॅडम पोरींना नंबरानं हाक मारायच्या. आमची चौदा नंबर.

"चौदा, प्रसूतीची पहिली अवस्था सांग."

आमची ओठ हलवायची.

"चौदा, आवाज येत नाही. माईक चालू आहे ना?"

ही मान हलवायची आणि खाली बघून उत्तर टाइप करायची. पोरानं नवे इयरफोन आणले. तरी तेच. मग दुसऱ्या कंपनीचं कार्ड टाकलं. तरी तेच. पोरगा म्हणाला, मोबाईलच भंगार आहे. आबा पेपरातून मान वर न करता मला म्हणाले, "सूनबाईला म्हणावं, घसा धरला असेल तर हळद-दूध घे." ते तिच्याशी थेट बोलत नसत. काय सांगायचं ते माझ्याकडून. ती पण तशीच, "आई, आबांना विचारा, भाकरी वाढू का." दोघांच्या मधली मी टपालवाली.

एके दिवशी ती क्लास संपल्यावर रडत आत आली. मॅडमनं सांगितलं होतं, परीक्षेला बाहेरचे परीक्षक असतील, तोंडी परीक्षा मोबाईलवरच होईल, टाइप केलेलं चालणार नाही. बोलली नाहीस तर नापास, आणि वर्ष जाईल. वर्ष गेलं तर पुन्हा धाडतील का नाही, हे तिला आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. पण धाडणार नाहीत, असं तिनं मनात धरलेलं होतं. ते मला तिच्या रडण्यावरून कळलं.

मी म्हटलं, "बस इथं. मला सांग बघू काय ते." मी भाकरी थापत होते आणि तिनं चुलीपाशी बसून सुरुवात केली. पहिल्या अवस्थेत कळा कशा येतात, पिशवीचं तोंड किती उघडतं, दुसऱ्यात बाळाचं डोकं कसं धरायचं. खणखणीत! एक शब्द अडखळला नाही. माझी भाकरी तव्यावर करपली.

"अगं, मग मॅडमपुढं का दातखीळ बसते?"

ती ओट्याकडं बघायला लागली. मग एकदम हळू म्हणाली, "तिथं आबा असतात ना."

घ्या! मोबाईल बदलायला निघालो होतो आम्ही. मला माझे सासरे आठवले. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नाही, साधं मीठसुद्धा खुणेनं मागायचे. असं वाग म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही हिला सांगितलं नव्हतं. ते न सांगताच येतं. आणि या पोरीनं सासऱ्याच्या मांडीला मांडी लावून कळा आणि पिशवी म्हणायचं!

दुपारी जेवून आबा खुर्चीत टेकले, तेव्हा मी विषय काढला.

"उद्यापासून तुम्ही दहा वाजता इथून उठत जा."

"का? माझ्याच ओट्यावरनं?"

"तुमच्यासमोर तिला बाळंतपणाचं बोलता येत नाही."

त्यांचे कान लाल झाले. "मग आत बसून बोलावं की तिनं. मी काय तिला बोलावलंय इथं?"

"आत रेंज आहे का?"

"आणि असलं पुरुषमाणसापुढं बोलायचंच कशाला म्हणतो मी."

"असं? मग परवा गाय व्याली तेव्हा जनावरांच्या डॉक्टरला फोनवर कोण ओरडत होतं? 'वार पडली नाय अजून, हात घालावा लागंल काय?' सगळ्या वस्तीनं ऐकलं. सून इथंच ज्वारी निवडत होती. गाईचं चालतं तुम्हाला, बाईचं नाही."

त्यांनी टोपी झटकली, डोक्यावर ठेवली आणि बागेत निघून गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत. मला वाटलं, जरा जास्तच बोलले मी.

पण दुसऱ्या दिवशी दहाला पाच कमी असताना त्यांनी पेपराची घडी घातली आणि कुणाला न सांगता उठले. रोज उठायला लागले. सून आधी फार ओशाळली, "माझ्यामुळं आबांना उन्हात जावं लागतं." मी म्हटलं, जाऊ दे, बाग बघतील तेवढीच. हळूहळू आवाज फुटायला लागला. मॅडम एकदा म्हणाल्या, "चौदा, नवा मोबाईल घेतला वाटतं!" तरी रस्त्यावर आबांची टोपी दिसली की ती वाक्य अर्धं सोडायची. ते काही जाईना.

परीक्षेच्या दिवशी मी कंबर कसली. टीव्ही बंद, कालवड पलीकडं बांधली, शेजारणीला बजावलं की आज विरजण मागायला येऊ नकोस. आबा सकाळीच रस्त्याच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. नंतर कळलं, विंचूरला निघालेला कांद्याचा ट्रॅक्टर त्यांनी हात करून थांबवला होता.

"काय झालं आबा, पंक्चर?"

"नाय. परीक्षा चालूये."

"कुणाची?"

"आमचीच. बंद कर ते इंजिन."

मी दाराआड पडद्याला धरून उभी. परीक्षक बाई कडक वाटल्या. पहिली अवस्था झाली, दुसरी झाली. आबा ट्रॅक्टर सोडून ओट्यासमोरच्या शेवग्याखाली येऊन थांबलेले होते. ते तिला दिसले. ती क्षणभर थांबली, पदर मागं सरकवला आणि पुढं बोलायला लागली. तेवढ्यात, तिसऱ्या अवस्थेवर, आमच्या कुकरनं शिट्टी मारली.

कुकर मीच लावला होता! सगळ्या जगाला गप्प केलं आणि माझीच डाळ बोंबलली. मी पडदा सोडून स्वयंपाकघराकडं वळले. आणि बघते तर आबा घराला वळसा घालून मागच्या दारानं आत धावले. त्या माणसानं जन्मात गॅसला हात लावला नव्हता. बटण कुठलं ते त्यांना ठाऊक नाही. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल गुंडाळून आख्खा कुकरच उचलला आणि मागच्या अंगणात नेऊन धुण्याच्या दगडावर ठेवला. गॅस तसाच भडकलेला. तो मी जाऊन बंद केला. बाहेर सुनेचा आवाज चालूच होता, परीक्षक बाईंनी तिला पुन्हा सांगायला लावलं आणि तिनं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं.

संपल्यावर ती आत आली. चेहऱ्यावरूनच कळलं की चांगलं झालंय. पुढं पास झाल्याचं कागदावर आलं, पण मला ते तेव्हाच कळलं होतं. आबा मागच्या दारात उभे, टॉवेलानं हात पुसत. माझ्याकडं न बघता ते तिलाच म्हणाले, "तिसऱ्या टप्प्याला काय सांगितलंस? शिट्टीत गेलं ते. मागल्या दारी नीट ऐकू आलं नाय."

मी टपाल न्यायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

ती त्यांच्यासमोर सरळ उभी राहिली. "बाळामागून वार येते, आबा. ती पूर्ण आली का ते नीट बघायचं. तुकडा आत राहिला, तर बाईला रक्त जातं."

"हां," आबा म्हणाले, "गाईचं बी तसंच असतं." आणि जेवायला पाट घेऊन बसले.

डाळ कच्चीच राहिली होती. सगळ्यांनी तशीच खाल्ली.