कंपनी विरुद्ध तारीखबाई

गल्लीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. कोर्टाच्या तारखांना जाऊन जाऊन त्यांचं नाव तारीखबाई पडलं होतं, आणि केस संपून वर्षं लोटली तरी ते काही पुसलं गेलं नाही. नावाचं त्यांना वाईट वाटत नसे. वाईट वाटायचं ते हरल्याचं, पण ते त्या कोणापाशी बोलत नसत.

हकीकत साधी होती. इस्पितळाचा धुलाईखाना चालवणाऱ्या कंपनीत त्या चादरींना इस्त्री करायच्या. गरम रोलरमध्ये उजवा हात सापडला, बोटं गेली, आणि जखम पुरती भरायच्या आत कंपनीने त्यांना कामावरून काढलं. बाई कोर्टात गेल्या. खाली हरल्या, वर जिंकल्या, मग कंपनी सगळ्यात वरच्या कोर्टात गेली आणि तिथे बाई कायमच्या हरल्या. त्यांचे वकील भारी घाईतले गृहस्थ. त्यांनी निकाल जिना उतरता उतरता सांगितला, की नाही झालं बाई, आता यापुढे कोर्ट नाही. का नाही झालं हे त्यांनी सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही. असल्या हाताच्या बाईला कोण कामावर ठेवणार, असा अर्थ घरादाराने लावला. बाईंनीही तो मुकाट्याने गिळला. डाव्या हाताने कात्री चालवायला शिकून त्यांनी शिवणकामावर संसार ओढला, पण आपण लायक नाही हे जे मनात बसलं ते बसलंच.

आणि आता बहिणीची मुलगी त्यांच्यासमोर बसली होती, मनगटाला पट्टी बांधून. ती एका हॉटेलच्या धुलाईखान्यात होती. पिळण्याच्या यंत्रात तिचं मनगट चेंगरलं आणि तिलाही काढलं. पोरगी मात्र चटपटीत, लगेच युनियनच्या वकिलाला गाठून तिने कामगार कोर्टात अर्ज टाकला होता. वकील चार दिवस परगावी गेले आणि नेमकं तेव्हाच मॅनेजरने तिला बोलावलं. खुशीने काम सोडतेय आणि केस मागे घेतेय अशा कागदावर सोमवारी सही कर, म्हणाला. वर एक चिठ्ठीही दिली, म्हणजे हिच्या डोक्यात प्रकाश पडावा.

चिठ्ठीवर एकच ओळ होती. आधी कंपनीचं नाव, मग ‘विरुद्ध’, मग तारीखबाईंचं पूर्ण नाव, आणि पुढे आकड्यांचं आणि अक्षरांचं कडबोळं.

“मावशी, हे तुझंच नाव ना?” भाची म्हणाली. “तू एवढी झगडून हरलीस, तिथे मी कोण लागून गेले? सही करून मोकळी होते.”

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण हरलो ते हरलो, पण आपलंच नाव घेऊन आपल्या पोरीला घाबरवायचं, हे त्यांना सहन होईना. त्या एवढंच म्हणाल्या, “सोमवारपर्यंत पेन हातात धरू नकोस. मी नेमकी काय हरले ते मला आधी बघू दे.”

दुसऱ्या दिवशी त्या कोर्टाच्या वाचनालयात जाऊन धडकल्या. ग्रंथपाल म्हणजे जाड भिंगांचे, पुटपुटत बोलणारे गृहस्थ. बाईंनी त्यांना ठसक्यात आपला केस नंबर सांगितला. शिपायाने इतक्या वेळा पुकारलेला तो नंबर त्यांना झोपेतून उठवलं तरी आला असता. ग्रंथपालांनी मान हलवली. हा नंबर कोर्टाच्या दप्तरातला, म्हणाले, पुस्तकाला तो ओळखू येत नाही. मग बाईंनी सूचीत स्वतःचं नाव शोधलं. तेही नाही. आपल्याला पुस्तकातूनसुद्धा काढून टाकलं की काय, अशा संशयाने त्या ग्रंथपालांकडेच रागाने बघायला लागल्या.

ते हसले नाहीत. त्यांनी ती चिठ्ठी मागून घेतली आणि ओळीवर बोट ठेवून समजावलं. सगळ्यात वरच्या कोर्टात जो दाद मागायला जातो त्याचं नाव आधी. मधल्या कोर्टात तुम्ही जिंकलात, म्हणून तिथे कंपनी गेली, म्हणून कंपनी आधी आणि तुम्ही मागे, आणि सूची पहिल्या नावानेच लागते. वर्ष आहे ते निवाडा छापला त्या वर्षाचं. त्याच्यापुढचा आकडा खंडाचा, कारण वर्षाला अनेक खंड निघतात. अक्षरं म्हणजे निवाडे छापणाऱ्या मालिकेचं आखूड नाव. शेवटचा आकडा पानाचा. आणि हाच निवाडा दुसऱ्या मालिकेतही सापडला तर दचकू नका, एकाच घराचे दोन पत्ते असतात तसं ते आहे.

बाईंनी मान डोलावली आणि जाऊन भलताच खंड उपसला. वर्ष बरोबर, पान बरोबर, खंड चुकलेला. तिथे दोन सख्ख्या भावांचं सामाईक भिंतीवरून भांडण चाललं होतं. बाईंनी ते दोन पानं वाचलंसुद्धा, आणि धाकट्याची बाजू त्यांना पटली. मग खंडाचा आकडा पुन्हा बघून त्या उठल्या आणि या वेळी बरोबर पुस्तक घेऊन बसल्या.

पानावर त्यांचं नाव होतं. खाली बारीक अक्षरात सारांश: कामगार स्त्री, हाताला इजा, कामावरून कमी, कंपनीचं अपील मंजूर. बस, एवढं वाचूनच कोणीही सही करून दिली असती. पण ग्रंथपाल मागून पुटपुटले, की सारांश छापणाऱ्याचा असतो, निवाडा कोर्टाचा असतो, परिच्छेद वाचा. बाईंनी वाचायला घेतलं. वाक्यं इतकी लांब की शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायला व्हायचं. त्या परत फिरायच्या, पुन्हा वाचायच्या. दुपारी त्यांना हवा होता तो परिच्छेद सापडला. अर्ज मुदतीनंतर फार उशिरा केला, उशिराचं कारण पटण्यासारखं नाही, एवढ्याच मुद्द्यावर अपील मंजूर. इजा झालेली ही स्त्री दुसरं काम करायला लायक होती की नव्हती, या प्रश्नात आम्ही शिरत नाही.

बाईंनी ते पुन्हा वाचलं. लायक नाही असं कोणी म्हटलंच नव्हतं. इतकी वर्षं त्या जे उरावर घेऊन जगल्या, ते त्या पुस्तकात कुठे नव्हतंच. त्यांना रडू आलं आणि राग आला, आणि दोन्हींत राग जास्त होता. त्यांनी त्या पानांची झेरॉक्स मागितली.

घरी त्यांनी नवऱ्याला परिच्छेद वाचून दाखवला. तो म्हणाला, “थांब, कोर्टात जाऊ नको, साहेब आपणहून बोलावतील, असं मीच म्हणत होतो.”

“मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं,” बाई म्हणाल्या. त्याला बोल लावून आता काही मिळणार नव्हतं. रविवारी त्यांनी भाचीला समोर बसवून ती ओळ आणि तो परिच्छेद तिच्याकडून मोठ्याने वाचून घेतला, ती न अडखळता वाचेपर्यंत.

सोमवारी दोघी मॅनेजरसमोर बसल्या. भाचीने बरोबर मावशी आहे एवढंच सांगितलं होतं. त्याने कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं, आणि समजुतीच्या सुरात भाचीला म्हणाला, की त्या निवाड्यातली बाई पार वरपर्यंत गेली आणि हरली, तू कशाला पायऱ्या झिजवतेस?

“हरले ना,” तारीखबाई म्हणाल्या. आपला बोटं गेलेला हात त्यांनी टेबलावर ठेवला. “ती बाई मीच. उशिरा गेले म्हणून हरले, हातामुळे नाही. आणि ही उशिरा गेलेली नाही.”

भाचीने कागद उचलला, पेन होतं तिथेच राहू दिलं, आणि सही न करता तो त्याच्यापुढे परत ठेवला. पुढची तारीख आम्हाला माहीत आहे, असं सांगून ती मावशीला घेऊन बाहेर पडली.