समोरच्या खुर्चीत कोण?

ऑफिसात तिला सगळे खुसपटताई म्हणत. तोंडावर नुसतं ताई, पाठीमागे पूर्ण नाव. दवाखान्यांसाठी रुग्णांच्या वेळा लावून देणारं सॉफ्टवेअर बनवणारी ती कंपनी, आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये खुसपटं काढायची हे ताईचं काम. पगार त्याचाच मिळायचा. बटण एकदा दाबायचं असेल तिथे ती दोनदा दाबायची, कारण घाईतला माणूस दोनदाच दाबतो. वयाच्या रकान्यात नाव लिहून बघायची. एकाच डॉक्टरकडे एकाच वेळी दोन रुग्ण घुसवायची आणि ते घुसले की शांतपणे म्हणायची, "हे बघ, घुसले." प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पोरांची तोंडं तेवढी बघण्यासारखी व्हायची.

एवढं करूनही टेस्टिंगची प्रमुख म्हणून तिला कोणी नेमेना. तिच्याकडे होती साधी विज्ञानाची पदवी. तिने शिकवून तयार केलेली पोरं तिच्या डोक्यावर जाऊन बसली. साहेब दर वेळी गोड बोलून तिची समजूत काढायचे, "ताई, तुमच्या कामाबद्दल प्रश्नच नाही, पण पुढच्या जागेला मास्टर्स लागतं." तिसऱ्यांदा हे ऐकलं तेव्हा तिचं डोकं फिरलं. घरी आल्या आल्या पायातल्या चपलाही न काढता तिने जाहीर केलं, "मी सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगचं मास्टर्स करतेय. ऑनलाइन."

"म्हणजे तुला आता होमवर्क असणार?" कॉलेजात जाणारी लेक म्हणाली. "आई, मला हा दिवस बघायचाच होता."

अभ्यास सुरू झाला तो झोपायच्या खोलीत, कपाटाला चिकटवलेल्या टेबलावर. कॅमेऱ्यात दिसू नयेत म्हणून नवऱ्याचे इस्त्रीचे शर्ट मागच्या भिंतीवरच्या खुंट्यांवरून हलवले गेले. नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळताना ताईच्या नाकी नऊ आले, पण खरी अडचण निराळीच होती. तिला मनातल्या मनात विचार करताच येत नसे. एखादी गोष्ट तिला कळायची ती कोणाला तरी समजावून सांगतानाच. तशी अनेक प्रोग्रॅमरना ही सवय असते, काही जण टेबलावर एखादं खेळणं ठेवून त्याला सांगतात. ताईला मात्र खेळण्याशी बोलायची लाज वाटायची. तिला जिवंत माणूस हवा होता.

पहिला मान नवऱ्याला मिळाला. तो बिचारा एक आठवडा टिकला, मग रविवार आला की त्याला बाहेरची कामं आठवायला लागली. लेक ऐकायची, पण मध्येच "आई, हे तर सोप्पंय" म्हणायची, आणि त्यानंतर ताईला पुढचं सुचायचंच नाही. राहता राहिले आबा, तिचे सासरे.

आबांनी उभा जन्म बस चालवली. जुन्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, पत्र्याच्या झाकणाखाली धडधडत असायचं. त्याच्या शेजारी बसून बसून आबांचा डावा कान पार गेला आणि उजवाही जाण्याच्या बेतात होता. त्यात ते ऐकू येण्याचं मशीन घालत. बस चालवताना पुढच्या बाकावरचे प्रवासी त्यांना घरचं-दारचं सगळं सांगत, आणि आबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणत, "हं. मग पुढे?" आता ते टेबलाशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसून सुनेला तेच म्हणू लागले.

आणि गंमत म्हणजे ते लागू पडायचं. ताई सांगत असायची, "आबा, ही यादी इथून आली, मग हिची वर्गवारी केली, मग प्रत्येकाला एकूण संख्येने भागलं..." आबा म्हणायचे, "हं. मग पुढे?" आणि ताई कपाळावर हात मारून घ्यायची. "अगं बाई! यादी रिकामी असली तर मी शून्याने भागतेय!" आबा गंभीरपणे मान डोलवायचे, जणू त्यांना हे केव्हापासून माहीत होतं आणि ते फक्त तिच्या तोंडून निघायची वाट बघत होते. एकेक विषय असा सुटत गेला. आबांची छातीही फुगत गेली. दाढी करायला गेले की न्हाव्याला सांगायचे, "आमच्याकडे सध्या अभ्यास जोरात आहे. सूनबाई आणि मी, आम्ही दोघं सॉफ्टवेअरचं करतोय." न्हाव्याने त्यांना कधी उलटा प्रश्न केला नाही, भला माणूस.

मग शेवटची लेखी परीक्षा आली, त्यानंतर फक्त प्रोजेक्टचा अहवाल उरणार होता. घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर. खोलीत दुसरं कोणी असता कामा नये, सुरुवातीला कॅमेरा फिरवून चारी भिंती दाखवायच्या, असे नियम. ताईने घर रिकामं केलं. आबांना बागेतल्या बाकावर पाठवलं, लेकीला मैत्रिणीकडे, नवऱ्याला कुठेही. दारावरच्या बेलच्या बटणावर चिकटपट्टी लावली. कॅमेऱ्याला भिंती दाखवल्या, पलंगाखालची जागा दाखवली आणि आबांची रिकामी खुर्चीसुद्धा दाखवली. ती खुर्ची तिने उचलून बाहेर ठेवायला हवी होती. जगाच्या चुका धुंडाळणाऱ्या बाईला स्वतःच्या खोलीतली ही चूक दिसली नाही, याला काय म्हणावं!

दोन प्रश्न झरझर झाले. तिसरा होता डेडलॉकचा. दोन प्रोग्रॅम, प्रत्येकाने एकेक कुलूप धरून ठेवलंय, दोघांनाही दुसऱ्याच्या हातातलं हवंय आणि सोडायला कोणी तयार नाही. अरुंद पुलावर दोन बस समोरासमोर याव्यात आणि एकानेही मागे घेऊ नये, तसला प्रकार. ताई अडकली. पेन चावलं, पाणी प्यायली. आणि मग तिची मान आपसूक डावीकडे वळली.

"आबा, हे बघा," ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली. "पहिल्याने हे कुलूप धरलंय..." सगळं सांगून झालं. क्षणभर थांबली, मान हलवली, "हां, बरोबर," म्हणाली आणि भराभरा उत्तर लिहून मोकळी झाली. आपण काय केलं हे तिच्या गावीही नव्हतं. पेपर छान गेला म्हणून त्या दिवशी ती दुपारी चक्क झोपली.

पुढच्या आठवड्यात विद्यापीठाकडून मेल आला. परीक्षा चालू असताना खोलीत अन्य व्यक्तीशी बोलणं झाल्याचं आढळलं आहे, निकाल राखून ठेवला आहे, चौकशी समितीपुढे व्हिडिओवर हजर व्हावं. दोष सिद्ध झाला तर केवळ हा पेपर नव्हे, सगळा अभ्यासक्रम रद्द. शिवाय ज्यांचा उल्लेख 'आबा' असा आहे त्या व्यक्तीनेही हजर राहावं.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. एवढे रविवार, एवढ्या सुट्ट्या, लेकीची बुडालेली सहल, सगळं एका रिकाम्या खुर्चीपायी पाण्यात जाणार होतं. ऑफिसात तिने कोणाला काही सांगितलं नाही. घशाखाली घास उतरेना. "मी एकटीच होते हे मी दाखवणार कसं?" ती पुन्हा पुन्हा म्हणायची. "नसलेला माणूस नव्हता, हे कोणी कसं सिद्ध करतं?"

नवऱ्याने वडिलांना बसवून सांगितलं, "आबा, विचारलं तेवढंच बोला. आणि खरं तेच बोला." आबांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सकाळपासून ते कोणाशी बोललेच नाहीत.

पडद्यावर तीन चौकोनांत तीन माणसं आली. मधल्या चौकोनात अध्यक्षबाई होत्या, चष्मा केसांवर चढवलेल्या, चेहऱ्यावर इस्त्री. त्यांनी परीक्षेचं चित्रण लावलं. आपलाच आवाज ऐकताना ताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"तुम्ही प्रश्न विचारता, थांबता, मान हलवता, मग उत्तर लिहिता," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दार कॅमेऱ्याच्या मागे आहे. कोणीही आत येऊ शकतं. आबा कोण?"

"सासरे. पण ते नव्हते हो खोलीत. मला सवय आहे त्यांना सांगत सांगत अभ्यास करायची."

"बोलवा त्यांना."

आबा खुर्चीत येऊन बसले आणि पडद्याला नमस्कार करते झाले.

"परीक्षेच्या वेळी तुम्ही कुठे होतात?"

"बागेत. बाकावर."

"एरवी सूनबाईंच्या अभ्यासाला बसता?"

"बसतो तर!" आबा ताठ झाले. न्हाव्याच्या दुकानातलं वाक्य जिभेवर तयारच होतं. "आम्ही दोघं मिळूनच केलं सगळं."

दाराआड उभ्या लेकीने तोंडावर हात दाबला. अध्यक्षबाईंनी केसांवरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"असं? म्हणजे तुम्हाला हा विषय येतो. मग मला सांगा, डेडलॉक झाला तर तो कसा सोडवायचा?"

आबांनी सुनेकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. आबांच्या कपाळावर घाम आला, हात उगाच कानामागच्या मशीनकडे गेला.

"पोरी, रागावू नकोस," शेवटी ते ताईला म्हणाले आणि मग पडद्याकडे वळले. "बाई, मला यातलं ओ की ठो कळत नाही. कळायला आधी ऐकू तर यायला पाहिजे. हिचं बोलणं सुरू झालं की मी मशीन बंद करतो."

अध्यक्षबाई पुढे झुकल्या.

"बंद करता? कधीपासून?"

"पहिल्या महिन्यापासून. बॅटरी वाचते." आबांनी मान खाली घातली. "आणि खरं सांगू का, डोकं उठायचं हो. पण हिला समोर कोणीतरी बसलेलं लागतं. मुलगा पळाला, नात टोकते. मी मोकळाच असतो, मग मी बसतो. हिचे ओठ थांबले की 'मग पुढे' म्हणतो."

"आबा!" ताईच्या तोंडून एवढंच निघालं. एवढे दिवस ती ज्याला जीव तोडून सांगत होती, त्या माणसाने एक अक्षर ऐकलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. पण ओठांकडे डोळे लावून बसलेले आबा तिला आठवले आणि डोळ्यांत पाणीच आलं.

डावीकडच्या चौकोनातले गृहस्थ खाली बघून खोकले. ते हसत होते हे कोणालाही कळलं असतं. अध्यक्षबाई मात्र पक्क्या होत्या.

"ठीक आहे. मी एक नवा प्रश्न देते. आत्ता सोडवा. आबा, ते मशीन काढून इथे कॅमेऱ्यापुढे ठेवा."

आबांनी मशीन काढून टेबलावर ठेवलं. पडद्यावर प्रश्न आला. ताईने तो वाचला आणि ती थिजली. बोलायची सोय नाही, आणि न बोलता डोकं चालेना. कर्सर नुसता लुकलुकत राहिला.

"अडलंय का?"

"बोलल्याशिवाय मला जमत नाही, मॅडम. आणि बोलले म्हणून तर इथवर आले."

अध्यक्षबाईंच्या ओठांचा एक कोपरा तेवढा हलला. "मग बोला ना."

ताई डावीकडे वळली. "आबा, हे बघा. तीन रांगा आहेत. पहिलीतला माणूस दुसरीतल्यासाठी थांबलाय..." सुरुवातीला आवाज कापत होता, मग कापायचा थांबला. ती हातवारे करायला लागली. मध्येच ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा आबा, कानात काही नसताना, सवयीने म्हणाले, "हं. मग पुढे?"

"मग पुढे काय, तिसऱ्यालाच आधी सोडायला पाहिजे!" ताई जवळजवळ ओरडली आणि लिहायला वळली.

तिघांनी आवाज बंद करून आपसात काहीतरी बोलून घेतलं. मग अध्यक्षबाई परत बोलल्या. "उत्तर बरोबर आहे. आरोप काढून टाकतोय. निकाल दोन दिवसांत लागेल. आता प्रोजेक्टचा अहवाल तेवढा वेळेत द्या." जाता जाता त्या थांबल्या. "मी भिंतीशी बोलते. आबांसारखं कोणी मिळालं असतं तर बरं झालं असतं."

पडदा काळा झाला आणि ताईचा जीव भांड्यात पडला. लेक धावत येऊन गळ्यात पडली. नवरा उगाचच बेलच्या बटणावरची ती जुनी चिकटपट्टी खरवडत बसला. ताई हसत होती, रडत होती, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला कडकडून भूक लागली. आबा कोपऱ्यात मशीन हातात धरून उभे होते.

"ऐकत नव्हतो म्हणून वाईट वाटलं का गं?"

"वाटलं थोडं," ताई त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन म्हणाली. "पण तुम्ही बसलात हो, आबा. बाकी सगळे उठून गेले."

रविवारी ती अहवाल घेऊन बसली. आबा आधीच खुर्चीत येऊन बसले होते, कानात मशीन, ते चालू, बॅटरीही नवी. आता चोरी नको, असं त्यांनी ठरवलं होतं.

"आबा, हे बघा, माहिती आधी सर्व्हरकडे जाते..."

"थांब. सर्व्हर म्हणजे कुठे असतो तो?"

ताईने सांगितलं.

"बरं. आणि तिथे लाइट गेली तर?"

तेही सांगितलं.

"मग ही माहिती टपालाने का नाही पाठवत? आणि तो मघाचा शब्द काय म्हणालीस? आणि एवढं मोठं कोणी वाचणार आहे का?"

ताईने डोळे मिटले. आपण कुठे होतो ते तिला आठवेना. तिने पेन खाली ठेवलं आणि अगदी प्रेमाने म्हणाली,

"आबा, बॅटरी उगाच जातेय हो."

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग हसून कानामागे बोट नेलं, मशीन बंद केलं आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

"हं," ते म्हणाले. "मग पुढे?"