ओळीनंतरची जागा

पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो तेव्हा मी घरात एवढंच सांगितलं होतं, की गाण्यांचा एक अल्बम करायचाय आणि तो सगळा एकट्यानं करायचाय. आईनं विचारलं, किती दिवस लागतील. वडिलांनी काहीच विचारलं नाही. वर्षभर त्यांनी विचारलं नाही, आणि मला तेच झोंबत होतं. वडील शेतकरी, पण गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, आणि आसपासच्या गावांत त्यांच्या कानाला मान आहे. अल्बम लोकांपुढे जाण्याआधी त्यांनी तो एकदा ऐकावा आणि याला गाणं म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

आमचं गाव कनेरगाव नाक्याच्या जवळ. शेतातल्या घराला आमच्याकडे आखाडा म्हणतात. तिथल्या खोलीत हळदीच्या पोत्यांची थप्पी होती, त्यामुळे आवाज घुमत नव्हता. फुकटात स्टुडिओ मिळाला म्हणून मी खूश होतो. अर्धा अल्बम झाला, तेवढ्यात भाव बरा आला आणि वडिलांनी पोती विकायला हिंगोलीच्या मोंढ्यात नेली. खोली एकदम घुमायला लागली. मी चिडून गोधड्या टांगल्या, पण उरलेली गाणी लांबून ऐकू आल्यासारखी झाली ती झालीच. पुण्यातल्या एका मित्राला वाटलं मी ते मुद्दाम केलंय. त्यानं तोंड भरून कौतुक केलं. मी नाही म्हटलं नाही.

गाणी कसली होती हे सांगणं अवघड. खाली भजनाचा ठेका, वर इलेक्ट्रिक गिटार, मधेच लग्नातल्या बँजोसारखे सूर. मित्र विचारायचा, याला म्हणायचं काय. मी 'रॉक' म्हणून मोकळा व्हायचो. गिटार, बास, ढोलकी, मागचे आवाज, सगळं माझंच. याचा मला भारी अभिमान होता.

शेवटी मीच वडिलांना म्हणालो, "बाबा, एकदा ऐका ना."

"मंडळीसमोर लाव," ते म्हणाले. "मला एकट्याला काय कळतंय त्यातलं."

एकादशीला संध्याकाळी मारुतीच्या देवळात मंडळी जमली. भजन सुरू व्हायच्या आधी मी मधोमध स्पीकर ठेवला आणि पहिलं गाणं लावलं. पहिली ओळ संपली, आणि टाळवाल्यांनी ती सवयीनं उचलली. भजनात असंच असतं. पुढचा एक ओळ म्हणतो, मागचे तीच परत म्हणतात, आणि तेवढा वेळ पुढचा थांबतो. माझं गाणं थांबलं नाही. त्यांची ओळ अर्ध्यात असताना दुसरी आली, ती पकडेपर्यंत तिसरी. दुसऱ्या गाण्यालाही तेच. वडिलांची बोटं पेटीवर सूर शोधत होती, तो सापडेस्तोवर गिटार भलतीकडेच गेलेली असायची. तिसऱ्या गाण्याला कुणी तोंड उघडलं नाही. सगळे परक्या घरी आल्यासारखे टाळ मांडीवर ठेवून बसले.

"हा कुणासाठी थांबूनच न्हाई राहिला," मृदंगवाले आजोबा म्हणाले.

मी स्पीकर बंद केला. कौतुक मागूनच घ्यावं लागणार, असं दिसत होतं. "बाबा, हे सगळं मी एकट्यानं केलंय. वाजवलं बी मीच, मागं म्हणणारे आवाज बी माझेच."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, त्यांना खरंच काळजी वाटली होती. "काहून? बाकीचे आले न्हाईत का?"

मंडळी हसली. मी स्पीकर काखेत मारून घरी आलो आणि न जेवता झोपलो. राग आला होता, आणि रागाखाली लाज होती. एकट्यानं करण्याची मी वर्षभर शेखी मिरवली, आणि आमच्या गावात एकट्यानं म्हणणं ही नाइलाजानं एखाद्यावर येणारी पाळी आहे. लग्नसराईत भजनाला कुणी फिरकत नाही, मग पेटीवाला बिचारा एकटाच बसून म्हणतो.

काही दिवस मी आखाड्याकडे फिरकलो नाही. मग गेलो, आणि शेवटच्या गाण्यातले मागचे आवाज काढून टाकले. प्रत्येक ओळीनंतर एका ओळीएवढी जागा मोकळी ठेवली, नुसता ठेका चालू. बाकीची गाणी होती तशीच राहू दिली. ती मला तशीच आवडतात, आणि सगळंच मंडळीच्या हवाली करायला मी काही संत नाही. अल्बम गाण्यांच्या ॲपवर टाकला. मित्राचा फोन आला, शेवटच्या गाण्यात काहीतरी टाकायचं राहिलंय म्हणून.

वडिलांना मी पुन्हा ऐका म्हटलं नाही. तेवढा हट्टी मी आहे.

पुढं एका सकाळी विहिरीवरची मोटार सुरू करायला आखाड्यावर गेलो, तर भिंतीपलीकडून माझाच आवाज आला. डोकावलो, तर वडील तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, फोन सदऱ्याच्या खिशात, शेवटचं गाणं चालू. ओळ संपली की ते ती परत म्हणत होते, ठेक्यात, जराही घाई न करता. बांधावरून शेजारचे काका चालले होते, ते थांबले.

"कोणाचं हाय हो गाणं?"

"आमचं," वडील म्हणाले, आणि पुढची ओळ उचलली.

मला पुढं जाववेना. भिंतीला टेकून तिथंच उभा राहिलो. 'पोराचं' म्हणाले असते, तरी मला पुरलं असतं.